भिवंडीची दोन नावे

2006 साली दिवाळी आणि रमजान एकाच महिन्यात आले होते. 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते आणि रमजानचा शेवटचा अशरा चालू होता. माझे चाचा तेव्हा मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस हवालदार होते. आमच्या सगळ्या खानदानात खाकी घालणारे ते एकटेच. त्या दिवशी सहेरीनंतर ते पुन्हा झोपले नाहीत. पट्ट्याचे बक्कल घासले, बुटांना पॉलिश केले आणि उजाडताच रोज्यानेच परेड मैदानावर गेले.

21 ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. देशभर त्या दिवशी पोलीस मैदानांवर शोक परेड होते. बंदुका उलट्या धरल्या जातात, बिगूल वाजतो आणि आधीच्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून यंदाच्या 31 ऑगस्टपर्यंत कर्तव्य बजावताना मेलेल्या पोलिसांची नावे राज्यवार वाचली जातात. नावे शेकड्यांनी असतात. वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा घसा कोरडा पडतो, मग दुसरा पुढे येतो. चाचा सांगायचे, "बाकी राज्यं चालू असताना पाय दुखतात. महाराष्ट्र आला की पाय विसरतो माणूस. कुणी आपल्या बॅचचा निघतो का, ह्याच्याकडे कान लागलेला असतो."

संध्याकाळी इफ्तारला दस्तरखानावर बसल्यावर चाचा म्हणाले, "आज भिवंडीच्या दोघांचीही नावं झाली."

कुणी काही बोलले नाही. अब्बांनी खजुराची ताटली पुढे सरकवली. मी कॉलेजात होतो आणि त्या वयात गप्प बसणे मला बुजदिली वाटायची. मी विचारले, "आणि पोलिसांच्या गोळीबारात गेले त्यांची नावं कोण वाचणार?"

चाचांनी माझ्याकडे पाहिले. रागावतील असे वाटले होते, पण रागावले नाहीत. घरात बोलतात त्या दखनीतच म्हणाले, "वो बी पढो. मना कौन करा? पर इनके नको पढो मत बोलो."

या वाक्याला आता वीस वर्षे होत आली. मी इतिहासाचा वाचक आहे. भिवंडी, मालेगाव, मुंबई यांच्यावर थोडेफार लिहिलेही आहे. पण चाचांनी उच्चारलेली ती दोन नावे मी स्वतः कधी कागदावर लिहिली नव्हती. जगताप आणि गांगुर्डे. आज लिहितो आहे.

आधी या दिवसाची हकीकत सांगतो, कारण ती आपल्या शाळेच्या पुस्तकात येत नाही. 1959 साली लडाखमध्ये चीनच्या सीमेवर लष्कर नव्हते, पोलीस होते. हॉट स्प्रिंग्ज नावाच्या ठिकाणी, जिथे धड श्वासही घेता येत नाही अशा उंचीवर, त्यांचा तळ होता. 20 ऑक्टोबरला तिथून टेहळणीसाठी तीन तुकड्या निघाल्या. दोन परतल्या. तिसरीत दोन शिपाई आणि एक हमाल होता, ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी करम सिंग या अधिकाऱ्याच्या हाताखाली वीसेक माणसे त्यांना शोधायला गेली. डोंगराच्या आडून चिनी सैनिकांनी गोळीबार केला. दहा जण ठार झाले, काही पकडले गेले. मृतदेह चीनने परत केले ते 13 नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त काळाने. पुढे जानेवारी 1960 मध्ये सगळ्या राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत ठरले की 21 ऑक्टोबर हा दिवस देशभर पाळायचा.

लक्षात घ्या, या दिवसाची सुरुवात परक्या देशाच्या गोळीने झाली. तशा मरणाला मान देणे सोपे असते. त्यात कुणाला अपराधी वाटायचे कारण नसते. पण त्यानंतर यादीत भर पडत गेली ती बहुतेक देशाच्या आतून. 2018 मध्ये दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक झाले. तिथे 238 टन वजनाची, तीस फूट उंच काळ्या दगडाची शिळा आहे, आणि भिंतीवर स्वातंत्र्यापासून तोपर्यंत कामी आलेल्या 34,844 पोलिसांची नावे. त्यांत सीमेवरची किती असतील? पंजाब, काश्मीर, ईशान्य भारत, बस्तर आणि आपली गडचिरोली. ऑक्टोबर 2009 मध्ये लाहेरीला 17 पोलीस गेले. 1 मे 2019 रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने गाडी उडवली तेव्हा 15 जवान आणि गाडीचा चालक गेला. त्या पंधरांत बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा शेख आडनावाचा एक तरुणही होता. त्याच्या बातम्या आमच्याकडे मोबाइलवर खूप फिरल्या, "देखो, हमारा भी" अशा सुरात. मीही पुढे पाठवल्या. आपल्या माणसाच्या शहादतीचा अभिमान वाटतो, त्यात गैर काही नाही. पण त्याच्याबरोबरच्या चौदा जणांपैकी एकाचेही नाव मला आठवत नाही, हे कबूल करायला हवे.

आता भिवंडी.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे शहर. उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी, आंध्र-तेलंगणातून आलेले पद्मशाली, कोकणी मुसलमान, आगरी, मराठा असे सगळे त्या खडखडाटात राहतात. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे दंगल झाली आणि ती जळगाव, महाडपर्यंत गेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. पोलिसांच्या वागण्याबद्दल इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिलेले सरकारी कागद आपल्याकडे थोडेच आहेत. मग मे 1984 मध्ये पुन्हा दंगल झाली. अन्सारी बागेत माणसे जाळली गेली. भिवंडीचे नाव घेतले की लोक दार लावून घेत, असे ते दिवस होते.

म्हणून डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा सगळ्यांना वाटले, पहिली भिवंडी पेटणार. पेटली मुंबई. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मुंबईतल्या त्या दोन महिन्यांतले 900 मृत्यू नोंदले आहेत, त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू. भिवंडी, जिथून मुंबई तासाभराच्या अंतरावर आहे, शांत राहिली.

ही शांतता आकाशातून पडली नव्हती. 1988 पासून तिथे सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी आधी 1984 च्या दंगलीचा अभ्यास केला आणि मग मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सत्तरएक. शांतता समित्या आधीही असत, पण त्यांत कोण असे? नगरसेवक, मौलाना, सराफ, कुठल्या तरी मंडळाचा अध्यक्ष. दंगल झाली की पोलीस ठाण्यात चहा-बिस्किटाला येणारी मंडळी. खोपड्यांच्या समित्यांत मागावरचा कामगार, रिक्षावाला, भाजीवाला, एकाच गल्लीतले हिंदू आणि मुसलमान बसले. आणि प्रत्येक समितीबरोबर एक पोलीस. त्याने त्या मोहल्ल्यात जायचे, बसायचे, नळाच्या भांडणापासून कर्ण्याच्या आवाजापर्यंत जे असेल ते ऐकायचे. खोपड्यांनी याच्यावर पुढे मराठीत पुस्तकही लिहिले, मुंबई जळाली तेव्हा भिवंडी का जळाली नाही या प्रश्नावर. मुंबईत 1994 नंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली, तिच्या आधीचा हा प्रयोग आहे.

मला या प्रयोगात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो समितीबरोबरचा साधा पोलीस. उपायुक्त बदलून जातो. खोपडेही 1992 मध्ये बदलून गेले होते. पण ज्या शिपायाला गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका नावाने ओळखतात आणि ज्याला गल्लीतली पोरे ओळखीची आहेत, त्याच्यावर दगड मारताना हात अडखळतो. त्यालाही लाठी उचलताना अडखळायला होते. 1992 च्या डिसेंबरात भिवंडीत तेच झाले असावे, असे मला वाटते.

आणि मग 2006. भिवंडीत निजामपुरा पोलीस ठाण्याची इमारत बांधायची होती. ती जागा कब्रस्तानची आहे असा मुसलमानांचा दावा होता. दावा खरा की खोटा हे कागदांवर ठरवण्याचे काम होते. 5 जुलैला जमाव बांधकामाच्या ठिकाणी चालून गेला. दगडफेक झाली, मोठे अधिकारी जबर जखमी झाले. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दोन जण मेले. आणि त्याच धुमश्चक्रीत, रात्रीच्या अंधारात, जगताप आणि गांगुर्डे हे दोन पोलीस जमावाच्या हाती सापडले. त्यांना भोसकून मारले आणि जाळले.

त्यांच्या मरणाची आणखी वर्णने तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आहेत, ती मी इथे देत नाही. एवढेच सांगतो की तो जमाव आपला होता. मुसलमानांचा होता. कब्रस्तानच्या हुर्मतीसाठी निघालेल्या लोकांनी दोन माणसांना जाळले. मय्यतीला आग लावणे ज्या धर्मात निषिद्ध आहे, त्या धर्माचे नाव घेणारे हे लोक होते.

हे वाचताना काही वाचकांच्या मनात तोच प्रश्न येईल जो माझ्या मनात त्या इफ्तारला आला होता. आधी गोळीबार कोणी केला? तो गरजेचा होता का? कमरेच्या वर का मारल्या? प्रश्न बरोबर आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. आपल्याला पोलिसांचा जो अनुभव आहे तो खोटा नाही. मी भाड्याने राहत होतो तेव्हा पासपोर्टच्या पडताळणीला एका ठाण्यात तीन वेळा जावे लागले आणि तिन्ही वेळा मला "मूळ गाव कोणते" याच्या पुढे "मूळ मूळ गाव" विचारले गेले. ही तर किरकोळ गोष्ट. त्याच 2006 च्या 8 सप्टेंबरला, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावच्या बड्या कब्रस्तानात बॉम्बस्फोट झाले, मेले मुसलमान, आणि पकडले तेही नऊ मुसलमान तरुण. 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. मधली वर्षे कोण परत देणार? ही बाकी पोलीस खात्याच्या नावावर आहे आणि ती फिटलेली नाही.

पण जगताप आणि गांगुर्डे यांच्या नावावर त्यातले काय होते? ते दोघे साधे पोलीस होते. मागच्या पन्नास वर्षांतल्या गोळीबारांचा, अहवालांचा हिशेब त्या एका रात्री त्यांच्याकडून चुकता करून घेण्यात आला. आपण नेमकी हीच तक्रार करतो ना, की कुठे स्फोट झाला की सगळ्या कौमला जबाबदार धरतात?

या दोघांची नावे लवकर विसरली गेली त्याला आणखी एक कारण झाले. भिवंडीनंतर आठवडाही उलटला नाही आणि 11 जुलैला संध्याकाळी मुंबईच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्या आकांतात भिवंडी कुठल्या कुठे गेली. मराठी वर्तमानपत्रांनी पहिल्या दिवसांत लिहिले ते लिहिले. उर्दू वर्तमानपत्रांत आणि आमच्या बैठकांत बोलणे होते ते गोळीबाराचे, अटकांचे, कब्रस्तानच्या जागेचे.

शब्दांचाही थोडा विचार करू. मराठीत अशा माणसाला हुतात्मा म्हणतात. हा शब्द आपल्या तोंडी बसला कसा? मुंबईच्या फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी मेलेल्या शंभराहून अधिक लोकांमुळे. 21 नोव्हेंबर 1955 रोजी तिथे पंधरा जण पडले, आणि ते पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. सोलापूरला चार हुतात्मा चौक आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि आपले कुर्बान हुसेन. मे 1930 मध्ये सोलापुरात पोलिसांनी गोळीबार केला, जमाव खवळला, पोलीस मारले गेले, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिली. 'गझनफर' हे पत्र चालवणाऱ्या कुर्बान हुसेन यांच्यावर आम्ही दर जानेवारीत लिहितो, आणि लिहिले पाहिजे. खटल्यात अन्याय झाला, निरपराधांना लटकवले, यात मला शंका नाही. पण सोलापुरात मेलेल्या त्या शिपायांचे काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ते इंग्रजांच्या पगारावर होते म्हणून इतिहासाने त्यांना सोडून दिले. ते का सोडले हे समजू शकते.

भिवंडीचे दोघे मात्र इंग्रजांच्या पगारावर नव्हते. त्यांचा पगार तुमच्या-माझ्या करातून होत होता. तरी आपल्या मनात कुठेतरी पोलीस म्हणजे अजून सरकारचा, परक्याचा माणूस, आणि त्याच्याशी झुंजून मेला तोच शहीद, ही 1930 ची सवय शिल्लक आहे. ती फक्त मुसलमानांत आहे असे नाही. मोर्चा कोणत्याही रंगाचा असो, पहिला दगड उन्हात उभ्या असलेल्या शिपायालाच लागतो. डिसेंबर 2018 मध्ये उत्तर प्रदेशात बुलंदशहरजवळ गोरक्षकांच्या जमावाने निरीक्षक सुबोध कुमार सिंग यांना मारले. दादरीच्या अखलाक यांच्या हत्येचा सुरुवातीचा तपास त्यांच्याकडे होता. जून 2017 मध्ये श्रीनगरला जामा मशिदीबाहेर बंदोबस्तावर असलेल्या उपअधीक्षक मोहम्मद अय्यूब पंडित यांना जमावाने ठेचून मारले. रात्र शब-ए-कद्रची होती. आत लोक मगफिरतीची दुआ मागत होते.

शहीद हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. सरकारी कागदात, गंमत म्हणजे, हा शब्द नाहीच. केंद्र सरकारने 2017 मध्ये माहिती आयोगापुढे सांगितले होते की सैन्यात किंवा पोलिसांत 'शहीद' अशी कोणतीही अधिकृत संज्ञा नाही. सैन्यात 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि पोलिसांत 'ऑपरेशन्स कॅज्युअल्टी', एवढेच लिहिले जाते. साक्षीदार हा अर्थ मला इथे लागू पडलेला दिसतो. तुकाराम ओंबळे साक्ष देतात ती कसाबविरुद्ध, पाकिस्तानात शिजलेल्या कटाविरुद्ध. साताऱ्याच्या केडंब्याचा हा माणूस आधी सैन्यात होता, मग पोलिसात आला, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी घेऊन त्याने एके-47 ची नळी धरून ठेवली. त्याची साक्ष ऐकायला आपल्याला काहीच जड जात नाही. त्या नऊ मेलेल्या हल्लेखोरांना मुंबईच्या मुसलमानांनी आपल्या कब्रस्तानात जागा दिली नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच रात्री गेलेल्या हेमंत करकऱ्यांवर तर मुस्लिम मोहल्ल्यांनी जीव ओवाळून टाकला. सप्टेंबर 2008 च्या मालेगाव स्फोटाचा तपास त्यांनी जिकडे नेला, त्यामुळे त्यांच्यावर चिखलफेक चालली होती, आणि ते गेल्यावर मालेगावच्या लोकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. त्या खटल्यातले सातही आरोपी 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले, तरी करकऱ्यांबद्दलची ती माया कमी झालेली मला दिसत नाही.

करकरे आपल्या बाजूने साक्ष देतात. जगताप आणि गांगुर्डे यांची साक्ष आपल्याविरुद्ध आहे. म्हणून एकाची जयंती-पुण्यतिथी आपल्या तोंडपाठ, आणि दुसऱ्यांचे पूर्ण नाव विचारले तर शोधावे लागते.

मुंबईत महापालिका मार्गावर, आझाद मैदानाच्या कडेला, एक लहानसे अमर जवान स्मारक आहे. 11 ऑगस्ट 2012 ला म्यानमार आणि आसाममधल्या हिंसाचाराविरुद्ध मैदानावर सभा झाली, तिच्यातून बाहेर पडलेल्या टोळक्याने गाड्या जाळल्या, बंदोबस्तावरच्या महिला पोलिसांवर हात टाकले आणि त्या स्मारकाला लाथा मारल्या. त्याचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. ज्यांनी लाथा मारल्या त्यांना ते स्मारक कुणाचे आहे हे माहीत नव्हते, हे मी पैजेवर सांगतो. ते सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांचे आहे. 1857 च्या दिवाळीत मुंबईत उठाव करायचा बेत होता. मुंबईचा पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट याने सोनापूरजवळच्या एका घराच्या भिंतीआडून कान लावून तो ऐकला, आणि 15 ऑक्टोबरला या दोघांना त्याच मैदानावर तोफेच्या तोंडी दिले.

म्हणजे बघा, एकाच मैदानावर 1857 मध्ये पोलिसाने एका सय्यदाला तोफेपर्यंत पोहोचवले, आणि 2012 मध्ये सय्यदांचे नाव घेणाऱ्यांनी त्याच सय्यदाच्या स्मारकाला लाथा घातल्या. त्या दिवशी पोलिसांनी मनात आणले असते तर मैदानावर प्रेतांचा खच पडला असता. दोन जण मेले. त्यापलीकडे गोळी चालली नाही, कारण आयुक्त अरूप पटनाईक यांनी आपल्या चिडलेल्या माणसांना आवरले आणि स्वतः मंचावर चढून माईक हातात घेतला. या संयमाबद्दल त्यांना शाबासकी मिळाली नाही. टीका झाली, आणि काही दिवसांत त्यांची बदली. मला त्यांच्यापेक्षा जास्त आठवण येते ती मार खाऊनही बंदुकीच्या चापावरून बोट काढून घेणाऱ्या शिपायांची. जखमींमध्ये पोलीसच जास्त होते. त्यांच्या या न झाडलेल्या गोळ्यांची नोंद कुठल्या भिंतीवर करणार?

चाचा 2014 मध्ये निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांना मधुमेह झाला होता आणि गणपतीच्या बंदोबस्तात सोळा-सोळा तास उभे राहून पाय सुजायचे. ईदची नमाज त्यांनी किती वर्षे ईदगाहच्या आत पढली नाही, याचा हिशेब चाचीला पाठ होता. ते बाहेर फाटकाशी उभे असायचे आणि आतून सलाम फिरला की रुमालाने तोंड पुसायचे. खात्यात त्यांना "मियाँ" म्हणून टोमणे बसले, मोहल्ल्यात "सरकारी आदमी" म्हणून. दोन्हींबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचे मी ऐकले नाही. 1993 च्या जानेवारीत ते कुठे होते, काय पाहिले, हे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

काही वर्षांपूर्वी एका लेखाच्या निमित्ताने मी भिवंडीला गेलो होतो. काम झाल्यावर निजामपुऱ्याच्या बाजूला पायी फिरलो. 2006 बद्दल विचारले की लोक आधी गप्प होत, मग बोलत. गोळीबारात गेलेल्यांबद्दल बरेच काही सांगत. पोलिसांचा विषय आला की एकच शब्द येई, "दो पुलिसवाले." चहाच्या एका टपरीवर साठी उलटलेले एक मागवाले बसले होते. 1992 च्या वेळी मोहल्ला समितीत होतो, असे त्यांनी सांगितले. तेव्हा गल्लीत येणाऱ्या शिपायाचे नाव त्यांना अजून आठवत होते, त्याच्या मुलीच्या लग्नालाही ते गेले होते.

मी विचारले, "और 2006 के वो दोनों?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "मैं उस दिन यहाँ नहीं था," म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "नाम क्या थे उनके?"

मी सांगितली.

"जगताप," ते म्हणाले. मग दुसरे नाव त्यांना नीट ऐकू आले नाही म्हणून हात कानाजवळ नेला. मागांचा आवाज फार होता. मी पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने.